दवाखान्यात दिलेला नमुना पोलिसांनी मागितला तर? आरोग्याची जनुकीय माहिती, तपास आणि कायदा

मांडवीकाठ

डीएनए म्हटले की चर्चा घटनास्थळी सापडलेल्या रक्ताची किंवा केसाची होते. हा धागा दुसऱ्या बाजूचा आहे. बायोप्सीचा मेणाचा ठोकळा, बाळाच्या टाचेतून टिपलेले रक्ताचे थेंब, थॅलेसेमियाच्या तपासणीचा अहवाल, स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्यासाठी केलेली बीआरसीए जनुकांची तपासणी. लोकांनी हे सगळे उपचारासाठी दिलेले असते. तपास अधिकाऱ्याने यातले काही मागितले तर कोणत्या कलमाने, किती, आणि नंतर त्याचे काय होते?

गोव्यासाठी हा प्रश्न जास्त जवळचा आहे. राज्य लहान. गंभीर आजाराचा माणूस कधी ना कधी बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जातोच, त्यामुळे एका संस्थेच्या कपाटांत राज्यातल्या खूप घरांचे नमुने असतात. आणि आपल्याकडे याची एक जुनी खूण आहे. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्यातून त्याचा एचआयव्ही अहवाल पोलिसांपर्यंत गेला आणि त्याला 64 दिवस वेगळे कोंडून ठेवले गेले. अशा अलगीकरणाची सार्वजनिक आरोग्य कायद्यातली तरतूद 1990 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरवली. त्याने गुन्हा केलेला नव्हता. त्याने रक्त दिले होते, एवढेच.

जाणकारांनी नेमके लिहावे. कलम असेल तर क्रमांकासकट.

सूक्ष्मदर्शी

सुरुवात एका फरकापासून करू, कारण न्यायालयातही हा घोळ होतो. प्रोफाइल वेगळे आणि नमुना वेगळा.

फॉरेन्सिक प्रोफाइल म्हणजे आकड्यांची यादी. गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी चार-चार, पाच-पाच अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांना एसटीआर म्हणतात. आज वापरातल्या बहुतेक किटमध्ये अशी 15 ते 24 ठिकाणे मोजतात. प्रत्येक ठिकाणी आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन आकडे, उदाहरणार्थ 14 आणि 17. ही ठिकाणे मुद्दाम अशी निवडली आहेत की त्यांच्यावरून आजार सांगता येऊ नये. तरीही काही गोष्टी दिसतात. 21 व्या गुणसूत्रावरच्या जागेत दोनऐवजी तीन शिखरे आली तर डाउन सिंड्रोमची शंका येते. लिंग ठरवणाऱ्या अॅमेलोजेनिनमध्ये एक्सचे शिखर वायच्या दुप्पट दिसले तर क्लाइनफेल्टरची (पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र) शंका येते. शिवाय भारतीय पुरुषांत अॅमेलोजेनिनचा वाय भाग गळालेला असण्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. तिथे पुरुषाचे रक्त स्त्रीचे म्हणून वाचले जाते, म्हणून फक्त त्या एका खुणेवर लिंग लिहू नये, वाय गुणसूत्रावरच्या एसटीआरने खात्री करावी.

नमुन्याची गोष्ट वेगळी. रक्ताच्या एका डागात पूर्ण जनुकसंच आहे. त्याच डागातून आज 20 ठिकाणचे आकडे काढले आणि पाच वर्षांनी कोणी पूर्ण सिक्वेन्सिंग केले, म्हणजे सगळी जनुके अक्षर-अक्षर वाचली, तर हंटिंग्टन, सिकल सेल, कर्करोगाचा धोका, बाप खरा की नाही, सगळे निघते. आणि ते एकट्याचे नसते, भावाबहिणींचे आणि मुलांचेही असते. म्हणून कायदा तपासताना पहिला प्रश्न हाच विचारा: प्रोफाइल झाल्यावर उरलेल्या नमुन्याचे काय?

कलम_पोटकलम

सूक्ष्मदर्शी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात तुटक आहे. आधी काय आहे ते सांगतो.

अटक झालेल्या माणसाची तपासणी बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 51 खाली होते, जुन्या सीआरपीसीत 53. बलात्काराच्या आरोपीसाठी कलम 52, जुने 53-अ. रक्त, वीर्य, थुंकी, घाम, केस, नखे, स्वॅब आणि डीएनए प्रोफाइलिंग हे सगळे यात येते. तपासणी नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची आणि वाजवी तेवढेच बळ वापरायचे. हे संविधानाच्या कलम 20(3) च्या, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काच्या, आड येत नाही. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने शारीरिक पुरावा आणि स्वतःविरुद्धची साक्ष यांच्यात फरक केला. त्याच न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग सक्तीने करायला बंदी घातली, पण रक्तनमुन्याला घातली नाही.

पीडितेसाठी कलम 184. तिची संमती लागते, गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून 24 तासांत तिला डॉक्टरकडे न्यायचे, आणि डॉक्टरने 7 दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा.

मग आहे क्रिमिनल प्रोसिजर (आयडेंटिफिकेशन) कायदा 2022, जो 4 ऑगस्ट 2022 पासून लागू झाला आणि 1920 चा कैदी ओळख कायदा रद्द झाला. यात ‘मापे’ या शब्दात बोटांचे ठसे, बुबुळ, डोळ्याचा पडदा यांच्याबरोबर ‘जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण’ असे शब्द आहेत. विश्लेषण म्हणजे कोणते, कुठवर, हे लिहिलेले नाही. ओळख पटवण्यापुरते की आजार शोधण्यापर्यंत, हे सांगणारी मर्यादाच नाही. मला सर्वात जास्त खटकते ते हेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे (एनसीआरबी) ही माहिती 75 वर्षे राहते. स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा, किंवा सात वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा सोडला, तर अटकेतला माणूस जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर मापांच्या नोंदी नष्ट करायच्या. मात्र न्यायालय कारण देऊन त्या ठेवायला सांगू शकते. अटक नसलेल्या माणसासाठी कलम 5, तिथे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक 2019 मध्ये डीएनए बँक, नियामक मंडळ आणि प्रयोगशाळांची मान्यता होती. जुलै 2023 मध्ये ते मागे घेतले. आजही डीएनएसाठी वेगळा कायदा नाही.

तपासाची_बाजू

मुद्दे बरोबर आहेत, पण दुसऱ्या बाजूचे वजनही बघा.

पावसात समुद्र अनोळखी मृतदेह बाहेर टाकतो. चेहरा गेलेला, बोटांची कातडी सुटलेली. अशा वेळी ओळख दाढेतून किंवा मांडीच्या हाडातून निघते, पण ताडून बघायला दुसरा नमुना हवा ना? आईबाप हयात नसतील तर त्या माणसाने कधी काळी दवाखान्यात दिलेला ठोकळा हाच एकमेव आधार असतो. 2004 च्या त्सुनामीत अनेक स्वीडिश पर्यटक वारले, तेव्हा स्वीडनने 1975 पासून जपलेल्या नवजात बालकांच्या रक्तकार्डांवरून ओळख पटवता यावी म्हणून कायद्यात तात्पुरता बदल केला. घरच्यांच्या हातात देह देता आला. याला कोण नाही म्हणेल?

आणि गुन्ह्यातही. 2003 मध्ये स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री अॅना लिंड यांचा खून झाला. संशयिताचा नमुना त्याच कार्डांच्या संग्रहातून मिळाला आणि चाकूवरच्या डीएनएशी जुळला.

मांडवीकाठ

बाब, मृतदेहाच्या ओळखीला इथे कोणाचाच विरोध नसावा. तिथे घरच्यांची लेखी संमती सहज मिळते, बहुधा तेच मागे लागतात. पण खुनाच्या तपासातली गोष्ट अर्धी सांगून सोडू नका. ती कार्डे फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार शोधण्यासाठी गोळा केली होती. पोलिसांना ती मिळाल्यावर स्वीडनमध्ये मोठा वाद झाला, कारण पालकांनी रक्त दिले ते बाळाच्या मेंदूला इजा होऊ नये म्हणून.

दुसरे उदाहरण न्यू जर्सीचे. तिथे बाळांची रक्तकार्डे 23 वर्षे ठेवत. 1996 च्या एका गुन्ह्यात पोलिसांनी एका मुलाचे कार्ड मिळवले आणि त्यावरून त्याच्या बापापर्यंत पोचले. संशय बापावर, रक्त लेकराचे. 2022 मध्ये ते न्यायालयात गेल्यावर उघडकीस आले, आणि 2024 मध्ये राज्याने निरोगी बाळांची कार्डे ठेवण्याची मुदत दोन वर्षांवर आणली.

गोव्यात 2008 पासून नवजात तपासणी सरकारी पातळीवर सुरू झाली, त्या काळी देशात हे नवीन होते. चांगलेच काम. पण आईने उद्या ‘हे पोलिसांकडे जाईल का’ असे विचारले, तर परिचारिकेकडे दाखवायला कायद्यातली एक ओळ हवी.

फाईल_क्रमांक

रुग्णालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेच्या टेबलावर पत्र आले तर काय करायचे, ते क्रमाने लिहितो. चूक बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत होते.

तोंडी मागणीवर काहीही देऊ नका. हवालदार चांगला माणूस असला, ओळखीचा असला, तरी. बीएनएसएसच्या कलम 94 खाली (जुने 91) न्यायालय किंवा पोलिस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. त्यात कागद, इलेक्ट्रॉनिक माहिती आणि ‘इतर वस्तू’ येतात, म्हणजे ठोकळाही येतो. पत्रावर गुन्हा क्रमांक, कलमे, अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, ठाण्याचा शिक्का आणि नेमकी कोणती वस्तू हवी हे असलेच पाहिजे. ‘सर्व वैद्यकीय नोंदी’ असे मोघम असेल तर पोचपावती द्या आणि नेमके लिहून मागा. हा नकार होत नाही.

डॉक्टरांसाठी 2002 च्या व्यावसायिक आचार विनियमांत दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. नियम 1.3.2: रुग्णाने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्या तर पोच देऊन 72 तासांत द्यायच्या. नियम 7.14: रुग्णाचे गुपित उघड करायचे नाही, अपवाद न्यायाधीशाचा आदेश, ओळखता येणारा गंभीर धोका, आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग. माझा सल्ला: दाखल-डिस्चार्ज, जखमांच्या नोंदी, एमएलसी (पोलिस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) या गोष्टी 1.3.2 प्रमाणे द्या. जनुकीय अहवाल आणि शरीराचा नमुना मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय देऊ नका, आणि तसे कारणासह ठाण्याला कळवा. 72 तास तुमच्याकडे आहेत, त्यात न्यायालयाचा आदेश मिळवणे तपास अधिकाऱ्याला जड नाही. आपल्याकडे डॉक्टर-रुग्ण संवादाला वकिलासारखे कायदेशीर संरक्षण नाही, त्यामुळे न्यायालयाने सांगितल्यावर द्यावेच लागते.

खासगी प्रयोगशाळांसाठी आयटी कायद्याखालचे 2011 चे नियम. वैद्यकीय नोंदी आणि बायोमेट्रिक माहिती त्यात ‘संवेदनशील’ आहे. नियम 6 प्रमाणे सरकारी यंत्रणेला संमतीशिवाय माहिती देता येते, पण तिने हेतू लिहून मागणी करायची आणि ही माहिती प्रसिद्ध करणार नाही, दुसऱ्या कोणाला देणार नाही असेही लिहून द्यायचे. हे दुसरे वाक्य पत्रात क्वचितच असते. मागा.

डिजिटल वैयक्तिक माहिती कायदा 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य तरतुदी 18 महिन्यांनी लागू होतात. त्याच्या कलम 17 मध्ये गुन्ह्याच्या तपासाला मोठी सूट आहे. तरी माहिती सुरक्षित ठेवण्याची कलम 8(5) ची जबाबदारी तपासाच्या नावाखालीही जात नाही.

झडती घेऊन जप्ती केली तर वेगळे. बीएनएसएसच्या कलम 185 खाली कारणे आधी लिहून ठेवायची, त्या नोंदींच्या प्रती 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जायच्या, आणि कलम 105 प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण करायचे. अडवू नका. पंचनाम्याची प्रत घ्या, ठोकळ्याचा क्रमांक, वजन किंवा मापे, लेबलचा फोटो ठेवा.

सूक्ष्मदर्शी

फाईल_क्रमांक, ठोकळ्याबद्दल तांत्रिक भर घालतो, कारण त्याच्यावरून निरपराध माणूस सुटूही शकतो आणि अडकूही शकतो.

फॉर्मेलिन ऊतकातल्या डीएनएचे तुकडे करते. 300 बेसपेक्षा (डीएनएची अक्षरे) लांब एसटीआर गळतात, छोटे तुकडे मोजणारे मिनी-एसटीआर किट घ्यावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो ठोकळा गाठीचा असेल तर गाठीतली जनुके बदललेली असतात. काही ठिकाणी एक आकडा गायब होतो, काही ठिकाणी नवा येतो. म्हणजे त्याच माणसाचा नमुना त्याच माणसाशी जुळत नाही. ठोकळा मागायचाच असेल तर गाठीच्या कडेचे निरोगी ऊतक मागा. आणि अहवालात ‘ऊतक: गाठ / निरोगी’ अशी ओळ असू द्या. एवढी एक ओळ नसल्याने उलटतपासणीत पूर्ण अहवाल कोसळतो.

तपासाची_बाजू

मान्य. पण नमुना घेतानाच्या चुकांवरही लिहा. आपल्याकडे खरा पराभव तिथे होतो.

बांबोळी_ते_वेर्णा

मग ते माझ्याकडे.

आरोपीचे संदर्भरक्त 2 ते 3 मिलि, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. हेपारिनच्या हिरव्या नळीत घेऊ नका, हेपारिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवते. नळी सावकाश 8-10 वेळा उलटीसुलटी करा, हलवून फेस करू नका. 4 अंशांवर ठेवा, गोठवू नका. एफटीए कार्ड (रक्त वाळवून जपायचे कागदी कार्ड) वापरले तर थेंब वर्तुळात सोडून खोलीच्या तापमानाला पूर्ण वाळू द्या.

स्वॅब. आषाढ-श्रावणात इथली हवा एवढी ओली असते की सकाळी घेतलेला स्वॅब संध्याकाळीही दमट लागतो. तो तसाच प्लास्टिकच्या नळीत बंद केला की तीन-चार दिवसांत कापसावर करडे ठिपके येतात. ती बुरशी. मग प्रयोगशाळेत माणसाचा डीएनए कमी आणि बुरशीचा जास्त. सावलीत, बंद स्वच्छ कपाटात वाळवा, पंख्याखाली नको. उन्हात किंवा हीटरवर नको. मग कागदी पाकिटात, आत सिलिका जेलची पुडी. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून पाठवणे ही सगळ्यात जुनी चूक आणि आजही होते.

अल्पवयीन मुलीचा गर्भपात झाला असेल तर गर्भाचे ऊतक हा पितृत्वाचा पुरावा असतो. सलाइनने धुऊन आईचे रक्त काढा, नाहीतर प्रोफाइल आईचेच येते. फॉर्मेलिनमध्ये कधीही नाही. साध्या सलाइनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत, उणे 20 अंशांवर. बर्फाच्या पेटीत पाठवा. ही प्रकरणे आपल्याकडे बाल न्यायालयात चालतात आणि या एका बाटलीवर सगळे उभे असते. एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्याच्या कलम 5-अ प्रमाणे मुलीचे नाव फक्त कायद्याने अधिकार दिलेल्यालाच सांगायचे. बाटलीवर क्रमांक लिहा, नाव नको.

साखळी. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए पुराव्यासाठी देशभर निर्देश दिले. नमुना पॅक करताना गुन्हा क्रमांक, तारीख, कलमे, तपास अधिकारी, ठाणे, अनुक्रमांक लिहायचा. डॉक्टर, तपास अधिकारी आणि स्वतंत्र साक्षीदार यांच्या सह्या. नमुना घेतल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत. उशीर झाला तर कारण डायरीत. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील उघडायचे नाही. आणि ताब्याच्या साखळीची नोंदवही निकालापर्यंत ठेवायची. 2022 मध्ये दिल्लीतल्या एका अतिशय क्रूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेले तिघे सुटले, त्यात एक कारण हे की नमुने पोलिसांच्या मालखान्यात 11 दिवस पडून होते.

गोव्यात अंतर तासाभराचे आहे. वेर्णाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचायला 48 तास लागायचे कारण नाही. वेळ खाते ती शनिवार-रविवारची सुट्टी, चवथीचे दिवस, आणि ‘चार नमुने जमले की एकदम पाठवू’ ही सवय. शेवटचे थांबवा.

कलम_पोटकलम

याच नोंदवहीत आणखी एक रकाना असावा असे मला वाटते: ‘उरलेला नमुना’. किती उरला, कुठे आहे, कोणत्या आदेशाने नष्ट केला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये ब्रिटनविरुद्ध निकाल दिला तो यावरूनच. निर्दोष सुटलेल्यांचे नमुने आणि प्रोफाइल बेमुदत ठेवणे चूक ठरले. त्यानंतरच्या 2012 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये घेतलेला नमुना साधारणपणे सहा महिन्यांच्या आत नष्ट करावा लागतो, प्रोफाइल राहिले तरी. म्हणजे आकडे ठेवा, रक्त नको. आपल्या 2022 च्या कायद्यात हा फरकच केलेला नाही.

पीडितेचा नमुना हा दुसरा मोठा खड्डा. 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उघड झाले की बलात्काराची तक्रार करताना एका स्त्रीने दिलेला डीएनए वर्षांनंतर एका मालमत्तेच्या गुन्ह्यात तिच्याचविरुद्ध वापरला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी त्याला बंदी घालणारा कायदा केला. आपल्याकडे असे स्पष्ट मनाई करणारे कलम बीएनएसएसमध्ये नाही, 2022 च्या कायद्यातही नाही. म्हणून कलम 184 च्या संमतीपत्रातच लिहून घ्या: ‘हा नमुना फक्त या गुन्ह्याच्या तपासासाठी.’ डॉक्टरने ते वाचून दाखवावे, मराठीत किंवा कोकणीत, जिला जे कळते त्यात.

सालसेतचा_वाचक

विषाणूच्या जनुकांचे काय? एचआयव्ही कोणाकडून आला हे आता सिक्वेन्सिंगने सांगतात म्हणे.

सूक्ष्मदर्शी

तसे ठामपणे सांगता येत नाही. दोन माणसांतला विषाणू जवळचा आहे एवढे दिसते. अ कडून ब कडे, ब कडून अ कडे, की दोघांना क कडून, हे विषाणूच्या वंशावळीवरून खात्रीने ठरत नाही. त्याच भागातल्या इतर रुग्णांचे नमुने तुलनेला नसतील तर दोन नमुने उगाचच जवळचे वाटतात. ‘नाही’ म्हणायला ही पद्धत चांगली, ‘हो’ म्हणायला कच्ची.

इशारा म्हणून स्कॉटलंडचे प्रकरण सांगतो. ग्लेनोकिल तुरुंगात 1993 मध्ये प्रादुर्भाव झाला, कैद्यांनी संशोधनासाठी गोपनीयतेच्या भरवशावर रक्त दिले, आणि 2001 मध्ये तीच माहिती एका माजी कैद्याविरुद्ध खटल्यात वापरली गेली. असे झाल्यावर पुढच्या वेळी रक्त द्यायला कोण येईल?

कलम_पोटकलम

आपल्याकडे यासाठी निदान कायदा आहे. एचआयव्ही व एड्स कायदा 2017, सप्टेंबर 2018 पासून लागू. कलम 8: कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, न्यायहितासाठी ते आवश्यक आहे असा न्यायालयाचा आदेश असेल तरच. पोलिसांचे पत्र पुरत नाही. 1989 मध्ये हे कलम असते तर... असो. मुद्दा हा की एका आजारासाठी जी भिंत बांधता आली, ती सगळ्या जनुकीय माहितीसाठी बांधता येते. शब्द तयार आहेत, तेच उचलायचे.

सालसेतचा_वाचक

देव बरें करूं. शेवटचे एक. आरोपीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल तर त्याच्या रक्तात दात्याचा डीएनए येतो का?

बांबोळी_ते_वेर्णा

येतो, आणि कायमचा. रक्ताचे प्रोफाइल दात्याचे, गालाच्या आतल्या स्वॅबमध्ये दोघांचे मिश्रण, केसाच्या मुळात त्याचे स्वतःचे. वीर्याचे प्रोफाइलही सहसा त्याचे स्वतःचेच असते. म्हणून गुन्ह्यातले वीर्य आणि आरोपीचे रक्त जुळले नाही तर लगेच निर्दोष समजू नये, आणि दात्यावर तर मुळीच बोट ठेवू नये. कलम 51 च्या तपासणीत डॉक्टरने एकच प्रश्न विचारायचा: प्रत्यारोपण किंवा गेल्या काही आठवड्यांत रक्त चढवले आहे का? उत्तर हो असेल तर रक्ताबरोबर मुळासकट 10-15 केस उपटून घ्यायचे, कापून नाही. प्रयोगशाळेला कळवताना ‘प्रत्यारोपण झालेले, केसांची मुळे सोबत’ एवढेच लिहायचे. कोणत्या आजारासाठी झाले, ते पाकिटावर लिहायची गरज नाही.

फाईल_क्रमांक

आणि अग्रेषणपत्रावरही नाही. ते पत्र आरोपपत्राला जोडले जाते, मग त्याच्या प्रती सगळ्या पक्षांना मिळतात.

बांबोळी_ते_वेर्णा

बरोबर. पत्राचा तो परिच्छेद उद्या मसुदा करून इथेच टाकतो, डॉक्टरांनी थेट वापरावा असा.